डावीकडून उघडणारा ओठ

आमच्या घरात माझ्याबद्दल काय बोललं जातं ते मला रोजच्या रोज कळतं, कारण त्यातलं निम्मं बोलणं माझे सासरे ओरडून बोलतात.

त्याचं असं आहे. बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, अजिबात ऐकू येत नाही. उभं आयुष्य पत्रे कापायच्या कारखान्यात गेलं, कान तिथेच ठेवून आले. कानातलं मशीन आणून दिलं तर म्हणाले, यात नुसता खडखडाट ऐकू येतो, तो मी फुकटात भरपूर ऐकलाय. मशीन कपाटात गेलं ते गेलंच. आम्ही त्यांच्याशी हातवारे करतो, घसा फोडतो, शेवटी कागदावर लिहितो. पण आईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं बोलणं त्यांना नुसते ओठ बघून कळतं. अगदी सगळं. शेजारणीच्या भानगडी, टोमणे, कुजके शेरे, सगळं. आणि ज्याला ऐकूच येत नाही त्याच्यासाठी आवाज कशाला खर्च करायचा, म्हणून आई फक्त ओठ हलवतात. बाबांना मात्र आपला आवाज केवढा आहे ते कळत नाही. त्यामुळे जेवताना आई माझ्याकडे न बघता ओठ हलवणार, आणि बाबा समोरच्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं उत्तर देणार, "मीठ? हो, जास्तच आहे! पण काल याहून जास्त होतं!"

नवीन नवीन मला रडू यायचं. मग सवय झाली, आणि खरं सांगायचं तर मजाही यायला लागली. आई काय म्हणाल्या असतील ते बाबांच्या उत्तरावरून ओळखायचं. "नाही गं, एवढी काही आळशी नाही ती!" असं बाबा गरजले की आज माझं काय निघालंय ते समजायचं. माझा नवरा मान खाली घालून जेवायचा, त्याला लहानपणापासून हेच. आई तोंडावर मला कधी वाईट बोलल्या नाहीत, आणि चांगलं तर त्याहून नाही. कौतुक केलं की माणूस बिघडतो, असा त्यांचा पक्का समज.

मी कवळ्या करते. हसू नका. सगळेच हसतात, आणि वेळ आली की आमच्याच दारात येतात. दाताच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे एक खोली आहे, तिथे माझं टेबल, छोटी शेगडी, मेण, घासायचं यंत्र आणि भिंतभर फळ्या. डॉक्टर पेशंटच्या हिरड्यांचं माप घेतात, त्यावरून मी प्लास्टरचा साचा ओतते. साच्यावर मेणात एकेक दात बसवायचा, ते मेण पेशंटच्या तोंडात एकदा घालून बघायचं, ठीक वाटलं की मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक भरून शिजवायचं, मग घासून चकाचक करायचं. पेशंट पुढच्या खोलीत, मी मागच्या. आमची गाठ पडत नाही, आणि ते मला बरं वाटतं. माणसाचं तोंड सारखं हलतं, बोलतं, तक्रार करतं. साचा बिचारा गप्प बसतो. साच्यावर बसली की तोंडात बसते, हे माझं ठरलेलं वाक्य, आणि माझ्या हातची कवळी परत येत नाही ही माझी ऐट.

गेल्या वर्षी आईंचे दात हलायला लागले. हिरड्यांचं दुखणं. एकेक करत सगळे काढावे लागले. काढण्याआधी डॉक्टरांनी जुन्या दातांचा साचा मात्र घेऊन ठेवला होता. आईंचा वरचा पुढचा एक दात शेजारच्यावर चढलेला होता. त्या एका दातापायी बाई बाहेर कधी मोकळेपणी हसल्या नाहीत, तोंडावर हात ठेवल्याशिवाय हसूच नाही. घरातल्या प्रत्येक फोटोत ओठ घट्ट मिटलेले. लग्नाच्या फोटोत तर असे, की बघणाऱ्याला वाटावं हिला कोणी धरून आणलंय. सगळे दात गेल्यावर बोळक्या तोंडाने त्या मला म्हणाल्या, "आता करतेच आहेस तर सरळ कर. एका ओळीत."

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे तोंड उघडून मागितलेली ही पहिली गोष्ट. मी म्हटलं, "आई, असे दात करते की आरशापुढून हलणार नाही तुम्ही." आणि सरळच करायचे म्हटल्यावर जुन्या साच्याचं काय काम? फळीवर तशीही जागा नव्हती. फोडला आणि टाकून दिला.

हिरड्या भरून येईपर्यंत काही महिने थांबावं लागतं. त्या महिन्यांत आमचं घर गप्प झालं. दात नसले की ओठ आत जातात, आणि ते आत गेलेले ओठ बाबांना वाचता येईनात. पुढे वाकून, चष्मा पुसून बघायचे. "काय? परत सांग!" आई परत सांगायच्या. तिसऱ्यांदा दोघंही हातानेच 'राहू दे' करायचे. कवळी आली की बोलू, असं जणू दोघांनी ठरवून टाकलं. मला वाटलं होतं, चला, चार घास सुखाने खायला मिळतील. कसलं काय! नावं ठेवणारं कोणी नाही म्हटल्यावर माझं स्वयंपाकातही लक्ष लागेना.

मग मी कवळी केली. आपल्या तोंडाने सांगू नये, पण सांगते: सुंदर झाली. दातांचा रंग त्यांच्या वयाला शोभेल असा, हिरड्यांचा गुलाबी खऱ्यासारखा, आणि ओळ अशी की पट्टी लावून बघावी. मेणावर होती तेव्हा डॉक्टरांनी आईंना आकडे म्हणायला लावले, स म्हणा, फ म्हणा, हसा, गिळा. कुठे शिट्टी नाही, कुठे अडखळणं नाही. डॉक्टर माझ्यापेक्षा वयाने लहान, पण कामात कडक बाई, उगाच कौतुक करत नाहीत. त्या म्हणाल्या, "ताई, ही तुमची सगळ्यात चांगली." आई घरी आल्या आणि आरशासमोर उभ्या राहिल्या. बराच वेळ. मग शेजारच्या बायकांना बोलावून काहीतरी निमित्त काढून हसल्या. हात खाली! बहिणीला पाठवायला फोटो काढून घेतला, त्यात बत्तीसच्या बत्तीस दिसतील अशा बेताने. मला म्हणाल्या काहीच नाहीत, पण मला काय ते समजलं. मी आपली हवेत.

आणि बाबांचं "काय? परत सांग!" पण बंद झालं. आई ओठ हलवायच्या, बाबा म्हणायचे, "हो, हो!" आई परत काही सांगायच्या, बाबा म्हणायचे, "बरोबर आहे तुझं!" नाहीतर, "छान!" या घरात नवराबायकोचं इतकं एकमत कधीच झालं नव्हतं. मला तिथेच शंका यायला हवी होती.

एकदा जेवताना आईंनी ओठ हलवले. बाबा मोठ्याने म्हणाले, "छान! छान झालंय!"

आईंचा हात छातीवर होता तो तसाच राहिला. त्या बाबांकडे बघत राहिल्या. मला काही ते बरं दिसेना. मी विचारलं, "आई, काय म्हणालात तुम्ही?"

"काही नाही."

"नाही, सांगा ना."

"छातीत दुखतंय म्हटलं," आई म्हणाल्या.

पित्त होतं, गोळी घेतल्यावर गेलं, ते सोडा. पण त्या क्षणी माझ्या हातातला घास खाली पडला. नवरा उठून पाणी आणायला धावला. बाबांनी आमची तोंडं बघितली आणि त्यांना कळलं की आपली चोरी पकडली गेली. त्यांनी ताट थोडं पुढे सरकवलं आणि कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाले, "दिसत नाही गं मला, तू काय बोलतेस ते." एवढ्या हळू की त्यांनाच ठाऊक नसणार. आई उठून आत गेल्या.

मला आधी रागच आला. कोणाचा, ते सांगता येत नाही. एवढी देखणी कवळी आणि हे काय नवीन! दुसऱ्या दिवशी आईंची कवळी घेऊन डॉक्टरांकडे गेले, म्हटलं, दाखवा यात काय चूक आहे. त्यांनी भिंगाखाली धरून बघितली. म्हणाल्या, "काही चूक नाही. बोलणं तर आपण नीट तपासलंय."

"तेच तर म्हणते मी."

"पण कानाने तपासलंय, ताई. ते कानाने ऐकत नाहीत." मग थोडा विचार करून त्या म्हणाल्या, "त्यांचा दातावर दात होता ना? त्याने वरचा ओठ एका बाजूने उचललेला असणार. आता दोन्हीकडून सारखा उघडतो. त्यांना तो ओळखू येत नसेल. काढा बघू जुना साचा."

मी कपाळावर हात मारून घेतला. डॉक्टर काय ते समजल्या. बोलल्या असत्या तर परवडलं असतं, पण त्या नुसत्या फळीकडे बघत राहिल्या.

बरं, दात कुठल्या बाजूचा होता? घरी येऊन नवऱ्याला विचारलं. ज्या आईच्या मांडीवर वाढला तिचा दात. म्हणे, "होता खरा. उजवीकडे? का मधला?" आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कोणाला? आणि त्याला हसायला मी कोण? दिवसभर दातच बघते मी. रस्त्याने जाताना लोकांचे दात बघते. आणि रोज माझ्यासमोर बसून जेवणाऱ्या बाईचा दात मला आठवेना. फोटोंचं तर सांगितलंच, सगळीकडे कुलूप.

आईंना विचारलं, तर त्या कवळी खसाखसा धुवत होत्या. "कशाला हवंय?"

"तसा परत लावून बघते एक. नवीन कवळीत. ही राहू दे तुम्हाला."

"नको. जन्मभर हात लावून हसले मी. आता जरा सुटले तर परत तेच लावायला निघालीस? ते काय, ओठ ओठच, होईल सवय त्यांना." आणि नळ मोठा सोडला, म्हणजे विषय संपला.

राहता राहिले बाबा. कागदावर लिहिलं: आईंचा वेडा दात कुठल्या बाजूला होता? बाबांनी वाचलं आणि क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "डावीकडे! आधी डावीकडून उघडायचा तिचा ओठ, मग बाकीचा. मी तिथूनच सुरुवात पकडायचो! आता कळतच नाही तिने कधी सुरू केलं!" मग माझ्याकडे झुकून, कानात कुजबुजायचं म्हणून, त्यांच्या त्या पत्राफाड आवाजात म्हणाले, "मला आवडायचा तो दात! पण तिला सांगू नको!"

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. थोड्या वेळाने आई दारात आल्या. हात पुसत, कोणाकडेच न बघता म्हणाल्या, "कर. पण एकदाच घालून बघेन."

मी मेणावर नवीन दात लावले, डावीकडचा शेजारच्यावर चढवला. दोघांना दवाखान्यात आणलं, आई खुर्चीत, बाबा समोर स्टुलावर. आईंनी ओठ हलवले. बाबांनी मान हलवली. "हे कोणाचं तोंड आहे?" माझ्या डोक्यात तिडीकच गेली. म्हातारपणी चेष्टा करायची हौस! तेवढ्यात बाबांनी बोट उचलून दाखवलं आणि मी पाहिलं, ते आईंच्या उजव्या बाजूला दाखवत होते. आमच्या धंद्यात डावं म्हणजे पेशंटचं डावं, दुसरं डावं मला ठाऊकच नाही. बाबा आयुष्यभर आईंच्या समोर बसलेले. त्यांचं डावं म्हणजे आईंचं उजवं. डॉक्टर तोंड फिरवून हसल्या. मी मेण तापवलं आणि येरे माझ्या मागल्या, पहिल्यापासून लावायला बसले.

दुसऱ्या वेळी बाजू बरोबर आली. आईंनी ओठ हलवले आणि बाबांचा चेहरा खुलला. "कळतंय!" म्हणाले. "सगळं नाही, पण कळतंय!" डॉक्टर म्हणाल्या, चला, जमलं. आणि आईंनी आरसा मागितला. बघितलं. आरसा खाली ठेवला आणि त्यांचा हात आपोआप वर गेला, तोंडावर.

"चालेल," हाताआडून म्हणाल्या. "त्यांना कळतंय ना, झालं तर मग."

हात तोंडावर. मी बाबांकडे बघितलं. ते वाकून वाकून बोटांच्या फटींतून बघत होते. आधी, जुन्या दाताच्या काळात, बाई निदान घरात तरी हात लावत नव्हती. आता सरळ दातांची चव घेतल्यावर तिला घरातही लाज वाटणार. म्हणजे ओठ वाचण्यासारखा केला आणि वर झाकण घातलं. चणे होते तेव्हा दात नव्हते, आता दात आहेत तर चणे नाहीत.

तिथे थांबता आलं असतं. डॉक्टरांनी हो म्हटलं होतं, आई चालेल म्हणत होत्या, बाबांना निम्मं कळत होतं. दुसऱ्या कोणाची कवळी असती तर मी थांबले असते, हे मी कबूल करते. पण ते "चालेल" माझ्या कानात बसलं. घरी भाजी चिरताना तेच, कपडे वाळत घालताना तेच. मी मीठ जास्त घातलं तर ही बाई चालेल म्हणत नाही, ओठ हलवून हलवून माझी सालं काढते. आणि जन्मभराची एक इच्छा पुरी झाली होती ती परत हातात देताना म्हणते, चालेल! मी नवऱ्याला म्हटलं, "मला हे करायचंय. दोन्ही करायचंय. दात सरळ आणि ओठ तसाच." तो म्हणाला, "होतं का असं?" मी म्हटलं, "होतं की नाही, मला काय माहीत."

डॉक्टरांनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "ओठ दाताच्या टोकावर टेकत नाही, ताई. वर, मुळाशी टेकतो. तुम्ही टोकाकडे बघताय." आणि मग, "पण खरं सांगू? तुम्ही पेशंटकडे कधी बघितलेलंच नाही. साच्यावर नाही जमायचं हे." झोंबलं. खरं होतं म्हणून जास्त झोंबलं.

त्यानंतर मी आईंच्या तोंडाकडे बघायला लागले. त्या चहा पिताना, फोनवर बोलताना, बाबांशी नुसते ओठ हलवताना. त्या वैतागल्या. "काय गं, काही लागलंय का माझ्या तोंडाला?" मी म्हटलं, "बोला तुम्ही, माझ्याकडे लक्ष देऊ नका." "लक्ष कसं देऊ नको, घारीसारखी बसलीयेस समोर." पण मला हळूहळू दिसायला लागलं. सरळ दातांवर ओठ पडद्यासारखा एकदम वर जात होता. आणि वेड्या दाताच्या मेणावर त्याची एक कड आधी उचलायची, जरा थांबायची, आणि तिच्यामागून बाकीचा ओठ यायचा. ती आधीची कड, तेवढीच बाबांना हवी होती. दाताचं टोक नाही.

मग सुरू झालं. दुपारी जेवायच्या सुट्टीत, रविवारी डॉक्टरांकडून किल्ली घेऊन. तो दात टोकाला ओळीत ठेवायचा आणि मुळाशी बाहेर काढायचा. बाहेर काढला की टोक आत जातं. टोक धरून ठेवलं की मूळ सरकतं. शेजारचा दात केसभर मागे घेतला तेव्हा कुठे जागा झाली. एकदा ओठाखाली वाटाणा ठेवल्यासारखं दिसलं, आईंनी काढून हातात दिलं. एकदा ओठ छान आला पण फ म्हणताना हवा सुटली. एकदा सगळं जमलं आणि बाबा म्हणाले, "ही रागावलेली दिसतेय!" आई म्हणाल्या, "आहेच." किती वेळा मेण तापवलं आणि किती वेळा तोच दात उपटला त्याची गणती नाही. बोटं पोळली. एकदा मी मेणासकट सगळं टेबलावर आपटलं आणि बाहेर जाऊन उभी राहिले. म्हटलं, गेलं खड्ड्यात. मी कवळ्या करते, जादू नाही करत. आई बाहेर आल्या, माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता म्हणतील राहू दे. म्हणाल्या, "पुढच्या रविवारी सकाळी यायचं ना?" आणि बाबांना हाताने धरून घेऊन गेल्या.

तो पुढचा रविवार. मी साच्यावर बघून दात लावणं केव्हाच सोडलं होतं. आईंना समोर बसवून, मेण तोंडात घालून, बोलायला लावून, काढून, कोमट चाकूने जरासं सरकवून, परत घालून. बाबा स्टुलावर पेंगत होते. मुळापाशी मेणाचा एक पातळ थर चढवला, नखाएवढा, बोटाने घासून मिळवला. आईंना म्हटलं, "बोला काहीतरी."

आईंनी बाबांच्या गुडघ्यावर थाप मारली. ते जागे झाले. आईंचे ओठ हलले. कड आधी उचलली, आणि तिच्यामागून बाकीचा ओठ.

"नाही!" बाबा गरजले. "पंखा मी बंद केलाय! तू कुलूप लावत होतीस तेव्हाच केला!"

आईंचे ओठ परत हलले, भराभरा.

"मग चल घरी आणि बघ! बंदच असणार! आणि काल दूध कोणी उतू घालवलं? मी?"

मी खाली बसले. ते दोघं पंख्यावरून दुधावर गेले, दुधावरून बाबांच्या भावावर, तिथून कुठल्यातरी लग्नातल्या जुन्या रागावर. इतक्या महिन्यांचं साठलं होतं. बाबांच्या आवाजाने खिडकीखालून जाणारा माणूस वर बघायला लागला. मी आईंपुढे आरसा धरला. त्यांनी बोलता बोलता एकदा बघितलं, दातांची ओळ बघितली, मान जराशी इकडे तिकडे केली, आणि हात मांडीवरच ठेवून परत भांडायला लागल्या.

तो दात अगदी पट्टी लावल्यासारखा नाही. जरासा वळलेला आहे, माझ्यासारख्या एखादीला दिसेल एवढा. डॉक्टरांना दाखवला तेव्हा त्या भिंग घेऊन बराच वेळ बघत होत्या. मग विचारलं, "हे कसं केलंत?" आणि मी दाखवलं तर खुर्ची ओढून बसल्या. पुढच्या पेशंटच्या मापाला त्यांनी मला पुढच्या खोलीत बोलावलं. आता मी जाते. बोलणारी तोंडं अजूनही मला डोकेदुखी वाटतात, पण जाते.

मेणाची कवळी पक्की करून आणली त्या दिवशी मी घाईघाईत स्वयंपाक केला. लक्ष कुठे होतं माझं! सगळे जेवायला बसलो. आईंनी पहिला घास घेतला, सावकाश चावला. मग माझ्याकडे न बघता बाबांकडे वळून ओठ हलवले. बरंच काही बोलल्या. मी नेहमीसारखी कान टवकारून.

बाबांनी हातातला घास खाली ठेवला. "मग सांग की तिला तूच! मी कशाला सांगू?"

नवऱ्याने मान वर केली. आई ताटात बघत राहिल्या. भाजी थोडी इकडून तिकडे केली. मग स्वच्छ आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मीठ अगदी बरोबर पडलंय आज."

या घरात आल्यापासून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मी लगेच घास घेतला. भाजीत मीठ नव्हतंच. घालायलाच विसरले होते.

तेवढ्यात बाबांनी पण भाजीचा घास घेतला. कपाळाला आठ्या घातल्या, माझ्याकडे बघितलं आणि ओरडायला तोंड उघडलं. आईंचे ओठ हलले, जेमतेम, डावीकडून, म्हणजे बाबांच्या डावीकडून.

बाबांनी तोंड मिटलं आणि मुकाट्याने जेवायला लागले.